बाळाचे दात आणि बाळाचा ताप: वाचकांचे प्रश्न, बालरोगतज्ज्ञांची उत्तरे

मागील अंकात आम्ही बाळाच्या पहिल्या दोन वर्षांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या गावांतून आलेल्या पत्रांत एकच विषय इतक्या वेळा आला, की या महिन्याचे संपूर्ण सदर त्यालाच द्यायचे ठरवले. दात येत असलेल्या बाळाला ताप भरतो, घरातील वडीलधारी माणसे तो दातांचा ताप असल्याचे सांगतात, आणि आईच्या मनात मात्र शंका राहते. ती शंका योग्य आहे, हे मी आरंभीच सांगते. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: माझी मुलगी दहा महिन्यांची आहे. खालचे दोन दात सातव्या महिन्यात आले आणि आता वरची हिरडी सुजलेली दिसते. परवा रात्रीपासून तिला ताप आहे. मेडिकलमधून आणलेले तापाचे थेंब दिले की चार तास बरे वाटते, मग ताप पुन्हा १०२.५ पर्यंत चढतो. सर्दी नाही, खोकला नाही. सासूबाई म्हणतात, "दात येतत म्हणान ताप इलो, काय एक होवचा नाय." त्यांनी पाच मुले वाढवली आहेत, त्यामुळे त्यांच्यापुढे बोलायला संकोच वाटतो. नारळी पौर्णिमेनंतर यजमान होडीवर गेले आहेत. अजून वाट पाहावी का? (एक आई, मालवण तालुका)

उत्तर: हे पत्र मासिकाच्या व्हॉट्सॲपवर आले आणि संपादकांनी ते त्याच दिवशी मला वाचून दाखवले, त्यामुळे छापील उत्तरासाठी न थांबता आम्ही या भगिनीला मुलीला लगेच डॉक्टरांकडे नेण्यास सांगितले. तपासणीत मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आढळला, औषध सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. वरचा दात त्यानंतर आठवड्याभराने हिरडीबाहेर आला. तो येताना मुलगी किरकिरी झाली, लाळ गळली, पण तिचे अंग तापले नाही.

दात येताना बाळाचे तापमान किंचित वाढू शकते. १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक ताप मात्र दातांमुळे येत नाही. २००० साली अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात दोन स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध झाले. दोन्हींत बाळांचे तापमान कित्येक महिने नियमितपणे मोजून ते दात उगवण्याच्या दिवसांशी ताडून पाहिले होते, आणि दोन्हींत मोठ्या तापाचा दातांशी संबंध आढळला नाही. २०१६ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही हिरड्यांची चुरचुर, चिडचिड आणि लाळ हीच दात येण्याची प्रमुख लक्षणे ठरली.

मग इतक्या पिढ्यांचा अनुभव खोटा कसा, असा प्रश्न सासूबाई विचारतील आणि तो रास्त आहे. त्यांनी पाहिले ते खरेच होते, ताप आणि दात एकाच वेळी आले होते. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास दिसतो आणि वीस दुधाचे दात पूर्ण व्हायला बाळ अडीच-तीन वर्षांचे होते. म्हणजे या दोन-अडीच वर्षांत जवळजवळ प्रत्येक महिन्यात कुठला ना कुठला दात वर येण्याच्या तयारीत असतोच. नेमक्या याच काळात, सहा महिन्यांच्या सुमारास, गर्भात असताना आईकडून मिळालेली प्रतिपिंडे ओसरू लागतात, बाळ रांगू लागते, जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालते आणि चार माणसांच्या मांडीवर फिरते. गणपतीत मुंबईहून चाकरमानी घरी आले की त्यांच्याबरोबर सर्दी-तापाचे विषाणूही घरात येतात. या वयातले मूल वर्षातून अनेकदा तापाने आजारी पडते, आणि ज्या दिवशी पडेल त्या दिवशी त्याच्या तोंडात एखादी सुजलेली हिरडी सापडतेच. हा समज आपल्याकडेच आहे असेही नाही. आपल्या जुन्या वैद्यकात आणि ग्रीक वैद्यांच्या लिखाणातही दात येण्याशी ताप जोडलेला आहे, आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या मृत्युनोंदींत "दात येणे" हे बालमृत्यूचे कारण म्हणून लिहिलेले सापडते. ती मुले दातांनी गेली नव्हती. ज्या आजारांनी गेली, त्यांचे निदान तेव्हा करता येत नव्हते.

दातांच्या नावाखाली हमखास दडून राहणारे तीन आजार मी येथे विस्ताराने सांगते, कारण तिन्ही याच वयातले आहेत. पहिला मूत्रमार्गाचा संसर्ग. दोन वर्षांखालील बाळाला, विशेषतः मुलींना, सर्दी-खोकल्याशिवाय नुसताच मोठा ताप येत असेल तर लघवी तपासली पाहिजे, कारण इतके लहान मूल लघवीला जळजळते असे सांगू शकत नाही आणि उपचार लांबले तर मूत्रपिंडाला इजा पोहोचू शकते. दुसरा रोझिओला. यात सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाला तीन-चार दिवस १०३ किंवा त्याहूनही अधिक ताप येतो, तो एकाएकी उतरतो आणि उतरल्यावर छाती-पोटावर गुलाबी पुरळ दिसते. हा विषाणूचा आजार बहुधा आपोआप बरा होतो, पण पुरळ येण्याआधीच्या दिवसांत त्याला नेहमीच दातांचा ताप म्हटले जाते. तिसरा आजार तर दातांचे हुबेहूब सोंग घेतो. हर्पीस विषाणूच्या पहिल्या संसर्गात ताप येतो, हिरड्या लालभडक होऊन सुजतात, लाळ गळते आणि बाळ खाणे-पिणे सोडते. फरक पाहायचा असेल तर उजेडात ओठ हळूच उलटवून पाहावा. दाताची सूज एका जागी असते. या आजारात सगळीच हिरडी सुजते, तिच्यातून रक्त येते आणि जिभेवर किंवा ओठांच्या आत लहान फोड दिसतात.

एक गोष्ट माझ्याविषयी. नोकरीच्या पहिल्या वर्षी, पावसाळ्यातल्या गर्दीच्या एका सकाळी, अकरा महिन्यांच्या मुलाला तपासून मी त्याच्या आईला म्हणाले होते, "दात येत असतील, दोन दिवस बघा." दोन दिवसांनी तो न्यूमोनिया होऊन परत आला. तो बरा झाला, आणि त्या आईने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. तेव्हापासून ताप असलेल्या बाळाच्या कागदावर मी "दात" हा शब्द लिहिलेला नाही.

सासूबाईंशी वाद घालण्याची गरज नाही. "दात येतच आहेत, पण ताप दुसऱ्या कशाचा असला तर तेवढे डॉक्टरांना बघू दे," एवढे म्हणणे पुरते. बहुतेक आज्या ते ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न: आमच्या घरी नातवाला दात येत आहेत. आम्ही आमच्या मुलांना टाकणखाराची लाही मधात खलून हिरड्यांवर चोळत असू आणि चघळायला दोऱ्याला बांधलेली खारीक देत असू. सून यातले काहीच करू देत नाही. ती एक जेल आणून लावते. कोणाचे बरोबर? (एक आजी, गुहागर)

उत्तर: आजी, तुमची कळकळ पोहोचली, आणि बाळाची हिरडी दुखते तेव्हा काहीतरी करावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु टाकणखार आणि मध यांच्या बाबतीत सुनेचे बरोबर आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो लहान बाळाच्या अंगात साठत जातो आणि त्याने उलट्या, जुलाब, प्रसंगी झटकेही येऊ शकतात. मधाबरोबर बोरॅक्स चोखायला दिलेल्या बाळांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. निव्वळ मधही एक वर्षापर्यंत देऊ नये, कारण मधात असू शकणाऱ्या एका जंतूमुळे बाळाला बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. खारीक चघळता चघळता मऊ पडते, तिचा तुकडा सुटतो आणि तो श्वासनलिकेत अडकण्याची भीती असते. दोराही गळ्याभोवती गुंडाळू शकतो. कच्च्या गाजराचे तेच, आणि दात येण्यासाठी म्हणून गळ्यात घालतात त्या मण्यांच्या माळांचेही तेच.

जेलच्या बाबतीत मात्र सुनेलाही सांगावे लागेल. बधिर करणारे औषध असलेली जेल लाळेबरोबर पोटात जातात आणि त्यांचा गुण काही मिनिटेच टिकतो. यांतील बेंझोकेन या औषधाने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी होऊ शकते, म्हणून दोन वर्षांखालील मुलांना ते देऊ नये असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला. लिग्नोकेन जास्त प्रमाणात पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. जेलच्या डबीवर यांपैकी काहीही लिहिलेले असल्यास ती बाजूला ठेवावी.

मग करावे काय? हात साबणाने धुऊन बोटाने हिरडी हलकेच दाबून चोळावी. हे काम आजीच्या बोटाइतके दुसऱ्या कशानेही चांगले होत नाही. स्वच्छ मऊ फडके उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून, पिळून, थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून चघळायला द्यावे, आणि बाळ ते चघळत असताना जवळ बसावे. एकसंध रबरी चोखणीही चालते, मात्र ती बर्फाच्या कप्प्यात गोठवू नये. सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी फडताळात शोभतात, दात शिवशिवणाऱ्या बाळाच्या तोंडात ती देऊ नयेत. खाण्यात नाचणीचे सत्त्व किंवा मऊ भात कोमट अथवा गार करून द्यावा, कारण गरम घासाने हिरडी अधिक झोंबते. लाळेने हनुवटी लाल होते. ती वारंवार टिपून तिथे खोबरेल तेलाचे बोट फिरवले की पुरे.

प्रश्न: आमची वाडी राजापूरपासून बरीच आत आहे. पावसात रात्री वाहन मिळत नाही आणि सकाळच्या एसटीशिवाय सोय नाही. मुलगा चौदा महिन्यांचा आहे, दाढा येत आहेत. रात्री ताप भरला तर सकाळपर्यंत थांबता येईल की नाही, हे आम्ही कशावरून ठरवायचे? (एक वडील, राजापूर तालुका)

उत्तर: आलेल्या सगळ्या पत्रांत मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटला. शहरात चूक झाली तर दहा मिनिटांत सुधारता येते, वाडीवर ती सुधारायला तीन तास लागतात.

सर्वांत आधी वय पाहावे. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ किंवा अधिक ताप असेल तर ते कितीही शांत दिसत असले तरी त्याच वेळी निघावे. त्या वयात गंभीर संसर्गाचे दुसरे कोणतेच लक्षण नसू शकते, आणि तेव्हा दातांचा प्रश्नच येत नाही. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०२ च्या वर ताप गेल्यास त्याच दिवशी दाखवावे. तुमच्या मुलाच्या वयात आकड्यापेक्षा मूल कसे दिसते याला अधिक महत्त्व आहे. औषधाने ताप उतरल्यावर ते उठून बसते, खेळण्याकडे हात करते, दूध-पाणी पिते, तुमच्याकडे पाहून हसते, तर १०३ ताप असूनही सकाळपर्यंत थांबता येते. याउलट ताप १०१ च असेल, पण मूल मान टाकून पडत असेल, हाक मारली तरी नीट जागे होत नसेल, काहीच पीत नसेल, घेतलेले सगळे उलटून टाकत असेल किंवा त्याला झटका आला असेल, तर पाऊस असो, रात्र असो, निघाले पाहिजे.

श्वास मोजायला प्रत्येक घराने शिकावे. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, सदरा वर करून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल तर तो जलद समजतात. त्यातही श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ कण्हत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर एक क्षणही दवडू नये. सहा ते आठ तासांत लघवी न होणे, रडताना अश्रू न येणे, डोळे खोल जाणे ही अंगातले पाणी कमी झाल्याची चिन्हे आहेत. टाळू अजून भरली नसेल तर ती खोल गेली आहे का किंवा फुगली आहे का, हे बाळ शांत बसलेले असताना पाहावे. फुगलेली टाळू मेंदूज्वराची सूचना देते. अंगावर लाल-जांभळे ठिपके दिसले तर त्यांवर काचेचा पेला दाबून पाहावा, आणि दाबल्यावरही ठिपके नाहीसे होत नसतील तर थेट रुग्णालय गाठावे. आपल्या सावळ्या वर्णावर हे ठिपके चटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय आणि ओठांची आतली बाजूही पाहावी.

कोकणातील पावसाळ्याचा आणखी एक विचार करावा लागतो. मलेरिया आणि डेंग्यू आपल्या किनाऱ्यावर दर पावसाळ्यात असतात, म्हणून जून ते नोव्हेंबर या काळात उघड कारणाशिवाय आलेला मोठा ताप एका दिवसापेक्षा अधिक टिकला तर रक्त तपासून घ्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी विनामूल्य होते आणि मलेरियासाठी आशाताई घरी येऊनही रक्ताचा नमुना घेतात. डेंग्यूमध्ये हिरड्यांतून रक्त येऊ शकते, आणि ते दात फुटल्यामुळेच आले असे समजून घरे स्वस्थ बसतात. दात येण्यापूर्वी हिरडीवर कधी निळसर फुगवटी दिसते, ती निरुपद्रवी असते. ताप असलेल्या मुलाच्या हिरडीतून किंवा नाकातून रक्त येणे कधीच निरुपद्रवी समजू नये. डेंग्यूचा धोका ताप उतरण्याच्या सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान वाढतो, म्हणून ताप गेल्यावर मूल गळून पडले, त्याचे पोट दुखू लागले किंवा उलट्या थांबेनात तर ते बरे होत आहे असे मानू नये. घरात कोणी भातशेतीच्या चिखलात काम करणारे असून त्यांनाही ताप असेल तर लेप्टोस्पायरोसिसच्या दृष्टीने तेही डॉक्टरांना सांगावे. दोडामार्ग-बांदा परिसरातील वाचकांनी काजूच्या हंगामात माकडतापाची आठवण ठेवावी. २०१६ पासून तो तिथे आढळला आहे, आणि जंगलात माकड मेल्याची बातमी असेल तर ती डॉक्टरांच्या कानावर घालावी.

तयारी आधीच करून ठेवा. वाडीतल्या कोणाची रिक्षा किंवा गाडी रात्री मिळू शकते हे पावसापूर्वीच विचारून ठेवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते, पण साकव पाण्याखाली जात असेल तर ती कुठपर्यंत येईल आणि बाळाला तिथवर कसे न्यायचे, हे घरच्या सर्वांना ठाऊक हवे. निघताना लसीकरणाचे कार्ड, दिलेल्या औषधाची बाटली आणि ताप किती वाजता किती होता ते लिहिलेला कागद बरोबर घ्यावा. त्या कागदाने डॉक्टरांचे अर्धे काम होते.

प्रश्न: तापाचे औषध किती आणि किती वेळाने द्यावे? दुकानदार कधी थेंब देतो, कधी सिरप. ताप न उतरल्यास दुसरे औषध मध्ये देता येते का? (एक आई, रत्नागिरी)

उत्तर: पॅरासिटामॉलची मात्रा बाळाच्या वजनावर ठरते, वयावर नव्हे. दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक मात्रा नाहीत. घोटाळा होतो तो बाटल्यांमुळे. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरपच्या एका प्रकारात ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, तर दुसऱ्यात २५० मिलिग्रॅम असते. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम द्यायचे असतील तर थेंबांचे दीड मिलिलिटर होतात, १२५ च्या सिरपचे सहा आणि २५० च्या सिरपचे तीन. चमचा तोच आणि बाटली बदलली, की मात्रा दुप्पट होते. थेंबांचे औषध सिरपच्या चमच्याने दिले गेले तर ती कित्येक पटींनी वाढते, आणि पॅरासिटामॉल जास्त झाल्यास यकृताला इजा होते. म्हणून घरात एकच बाटली ठेवावी, तिच्यासोबतच्या मापानेच औषध द्यावे, आणि तुमच्या बाळाच्या वजनाला नेमके किती मिलिलिटर हे डॉक्टरांकडून त्या बाटलीवर लिहून घ्यावे. तीन महिन्यांखालील बाळाला स्वतःहून काहीच देऊ नये.

दुसरे औषध मध्ये देण्याचा मोह टाळावा. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड डेंग्यूची शक्यता असताना घातक ठरू शकतात, म्हणून पावसाळ्यात तर ती डॉक्टरांनी तपासल्याशिवाय अजिबात नकोत. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. निमेसुलाइडवर बारा वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे, तरी जुनी बाटली फडताळात सापडते. ती टाकून द्यावी.

ताप पूर्ण उतरलाच पाहिजे असे नाही. १०२ वरून १०० वर येऊन मूल पाणी पिऊ लागले तर औषधाने आपले काम केले. तापमान काखेत मोजत असाल तर आकडा आतील तापमानापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश कमी येतो, म्हणून काखेतले ९९.५ च्या वरचे तापमान तापच समजावे. अंगावर गोधड्या घालू नयेत, एक सुती सदरा पुरतो, पंखा हळू चालू ठेवावा. अंग पुसायचेच असेल तर कोमट पाण्याने पुसावे. बर्फाच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या घड्या, कोलनवॉटर यांचा उपयोग नाही आणि गारठ्याने बाळ हुडहुडते. अंगावरचे दूध, शहाळ्याचे पाणी, मीठ घातलेली पातळ पेज थोडी थोडी देत राहावी. सहा महिन्यांखालील बाळाला मात्र आईचे दूधच पुरे.

प्रश्न: माझ्या मुलाला तेरा महिने पूर्ण झाले त्या आठवड्यात तापात आकडी आली. हातपाय ताठ झाले, डोळे वर गेले. शेजाऱ्यांनी कांदा हुंगवला, दातात चमचा घातला. दोन मिनिटांत थांबले. सगळे म्हणतात ही दातांची आकडी, आता दर दातागणिक येणार. हा फेफरे येण्याचा आजार आहे का? (एक आई, वेंगुर्ले)

उत्तर: तुमच्या पत्रातील भीती मला समजते, कारण आपल्या मुलाला असे पाहणे आईला फार जड जाते. दात आणि आकडी यांचा संबंध नाही. सहा महिने ते पाच वर्षे या वयात, शंभरांतील दोन ते पाच मुलांना तापात असा झटका येतो. साधारणतः तो पाच मिनिटांच्या आत थांबतो, मेंदूला इजा करत नाही, आणि अशा बहुतेक मुलांना पुढे फेफऱ्याचा आजार होत नाही. तीनांपैकी सुमारे एका मुलाला पुढच्या एखाद्या तापात तो पुन्हा येऊ शकतो. पॅरासिटामॉलने मुलाला बरे वाटते, पण त्याने आकडी टळते असे सिद्ध झालेले नाही, त्यामुळे औषध वेळेवर दिले नाही म्हणून आकडी आली असा दोष स्वतःला लावून घेऊ नका.

पुन्हा असे झाले तर मुलाला जमिनीवर कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध यांपैकी काहीही घालू नये. चमच्याने कोवळे दात मोडतात आणि ते घशात जाऊ शकतात. कांदा, चप्पल यांचा उपयोग नसतो. झटका थांबतो तो आपोआप थांबतो. पाच मिनिटांत थांबला नाही, लागोपाठ दुसरा आला, अंगाच्या एकाच बाजूला आला किंवा थांबल्यावर तासाभराने मूल ओळख दाखवत नसेल तर रुग्णालयात न्यावे. पहिल्या झटक्यानंतर मात्र, तो लवकर थांबला असला तरी, मुलाला त्याच दिवशी तपासून घेतले पाहिजे. दीड वर्षाखालील मुलांत मेंदूज्वर नाही याची खात्री डॉक्टरांनीच करायची असते. तुमच्या पत्रात अशी तपासणी झाल्याचा उल्लेख नाही, म्हणून हे वाचल्यावर मुलाला बालरोगतज्ज्ञांना दाखवून या.

प्रश्न: दात येताना जुलाब होतात म्हणून माता बाळाला काही देत नाहीत आणि लसही पुढे ढकलतात. त्यांना काय सांगावे? (एक अंगणवाडी सेविका, देवगड तालुका)

उत्तर: ताई, जुलाब दातांनी होत नाहीत, तोंडात गेलेल्या हातांनी आणि वस्तूंनी होतात. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण चालू ठेवावे. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकाच वेळी विरघळवावे, अर्धे पाकीट अंदाजाने नको, आणि दुकानात त्यासारखी दिसणारी गोड पेये त्याऐवजी देऊ नयेत. सहा महिन्यांवरील बाळाला २० मिलिग्रॅम जस्ताची गोळी चौदा दिवस द्यावी, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरीही. शौचात रक्त दिसले तर लगेच पाठवावे.

दात येत आहेत म्हणून लस थांबवू नये. नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिलेल्या गोवर-रुबेला लसीनंतर साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी काही बाळांना एक-दोन दिवस ताप येतो, आणि तोही दातांच्याच नावावर जातो. तो लसीचा असू शकतो, हे मातांना लस देतानाच सांगून ठेवावे, आणि दोन दिवसांहून अधिक टिकला तर तुमच्याकडे यायला सांगावे.